दहा टक्क्यांचा नियम आला कुठून?

"आठवड्याचं धावणं दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका." साठीनंतरही स्पर्धेत उतरणाऱ्या तुम्ही हा सल्ला नक्की ऐकला असेल. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या धावण्यावरच्या लेखनातून तो रुजला. त्याला आधार होता तो अनुभवाचा, प्रयोगाचा नव्हे.

नेदरलँड्समध्ये ५३२ नवख्या धावपटूंवर तो तपासला गेला. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हळूहळू वाढवणारे आणि नेहमीच्या वेगाने वाढवणारे, दोन्ही गटांत साधारण २० टक्के जणांना दुखापत झाली. २०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदींनी वेगळाच धोका दाखवला: गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एकाच दिवशी १० टक्क्यांहून जास्त धावणं.

कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये, ७३ व्या वर्षी, २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. त्यांचा सराव घराजवळच्या दफनभूमीत, संथ गतीने, कधी सलग तीन तास चाले. त्यांचे तास नव्हे, संथपणा उचला.

वयानुसार स्नायू आणि कंडरा सावरायला जास्त वेळ लागतो. म्हणून आधी सोपे, छोटे दिवस वाढवा. रविवारची लांब धाव एकदम ताणू नका. अंतर आणि वेग एकाच वेळी वाढवू नका. हाडावर एकाच जागी दुखत राहिलं तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी तपासून घ्या. स्पर्धा पुढच्या वर्षीही असते.