खाली विस्तव, वर विस्तव

आज किन्हवलीच्या आम्ही गटातल्या बायका तुमच्याशी भाजण्याबद्दल बोलणार आहोत. भाकरी भाजणं नव्हे, ती तर रोजचीच. पिठात गूळ नाहीतर मीठ-मसाला कालवून, बंद भांड्यात ठेवून, वरून आणि खालून आच देऊन भाजतात ते. शहरात त्याला बेकिंग म्हणतात आणि त्याची प्रशिक्षणं भरतात.

तसं एक प्रशिक्षण आम्हीही केलं. शिकवणाऱ्या बाई मनाच्या चांगल्या होत्या, पण पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुमच्या भागात ही पद्धत कधी नव्हतीच, तेव्हा आपण शून्यापासून सुरुवात करू." आम्ही माना डोलावल्या. गटाच्या पैशातून विजेचा ओव्हन आला. दिवाळीच्या नानकटाईच्या ऑर्डरी घेतल्या आणि नेमकी त्याच आठवड्यात संध्याकाळची वीज जायला लागली. शेवटी एकीने चुलीवर टोपात घाणा लावून पाहिला, तर नानकटाई खालून काळी आणि वरून पांढरी. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई ओट्यावर बसून हे सगळं बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "वर इस्तू ठेवलाच नाय, मंग भाजंल कशी?"

आम्ही हसलो. पण त्यांनी उठून टोपावर परात ठेवली, परातीत निखारे टाकले आणि दुसरा घाणा वाचवला. तुम्हाला हे कुणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "शिकवायचं काय त्यात? आमची आई धोंडस असंच करायची." त्यांचं माहेर रोह्याकडचं. तिथून आमची विचारपूस सुरू झाली. शून्यापासून सुरुवात, हे काही खरं नव्हतं.

धोंडस म्हणजे काकडीचा केक म्हणा. कोकणात त्याला तवसळीही म्हणतात, कारण पावसाळ्याच्या शेवटी वेलावर पिकून पिवळी झालेली मोठी काकडी, म्हणजे तवसं, त्यात लागतं. तवसं किसायचं, पण पाणी पिळून टाकायचं नाही. तांदळाच्या कण्या किंवा जाडसर रवा तुपावर भाजून त्या काकडीच्या पाण्यातच शिजवायचा. गूळ, ओलं खोबरं, चवीपुरतं मीठ घालायचं. वरून वेलदोडा आणि जायफळ. मिश्रण घट्ट झालं की टोपाच्या तळाशी केळीचं नाहीतर हळदीचं पान घालून त्यावर थापायचं, झाकण लावायचं, खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. अर्धा-पाऊण तास. सुरी घालून पाहायची, ती कोरडी बाहेर आली की झालं. यात अंडं नाही, सोडा नाही, मैदा नाही.

मैदा नाही याला कारण आहे. आपला मुलूख भाताचा. गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो, तो फुगलेल्या पावाला धरून ठेवतो. तांदळात तो नसतो. म्हणून आपल्या बायकांनी तांदळाला काकडीचा गर, गूळ आणि खोबऱ्याचा आधार दिला, आणि खालून पानाचा. आमच्याकडे पानगी करतात, तीही याच विचाराची. तांदळाचं पीठ, गूळ, असेल तर काकडीचा कीस, हे दोन पानांच्या मध्ये थापून तव्यावर भाजायचं. पान करपतं, पानगी करपत नाही. बेकरीवाले साच्याला बटर पेपर लावतात, त्याच कामाला आपल्याकडे केळीचं पान.

आता जायफळ. सासूबाईंच्या आईकडे जायफळ कुठून आलं? त्यांनी सांगितलं, बाळगुटीच्या डब्यातून. घरात एकच जायफळ असायचं. तेच सहाणेवर उगाळून बाळाला द्यायचं आणि सणाला त्याचेच दोन वेढे धोंडसात. गरिबाच्या घरात उष्ण मसाला आधी औषध होता आणि मग पदार्थ. सुंठ आणि ओवा बाळंतिणीसाठी, मिरी खोकल्यासाठी. चव म्हणून तो वापरायची चैन वर्षातून दोनदा.

आणि हे जायफळ आलं होतं फार लांबून. आज ते कोकणातही पिकतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या सुधारित जाती काढल्या आहेत. पण कित्येक शतकं जगात जायफळ फक्त एका ठिकाणी व्हायचं, आजच्या इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर. लवंगही त्याच बाजूच्या बेटांवरची, दालचिनी श्रीलंकेची, मिरी केरळची. या मसाल्यांसाठी रक्त सांडलं. 1621 साली डच कंपनीने बांदा बेटं जिंकली तेव्हा तिथले बहुतेक मूळ रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले किंवा गुलाम झाले. पुढे 1667 च्या तहात त्यातलं रन नावाचं एक बेट डचांनी आपल्याकडे ठेवलं आणि आज ज्यावर न्यूयॉर्क शहराचा मुख्य भाग उभा आहे ते मॅनहॅटन बेट इंग्रजांकडे राहिलं. त्या काळी हा सौदा डचांना तोट्याचा वाटला नव्हता. बाळगुटीच्या डब्यातल्या फळाची ही किंमत.

बंदरात उतरलेला माल घाटावर जायचा तो आपल्या दारावरून. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे गाव लागतं, तिथून नाणेघाटाची वाट चढते. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण बंदर आणि जुन्नर-पैठण यांना जोडणारा हा मोठा व्यापारी रस्ता होता. वर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. रांजण सगळ्या सहली बघतात, फोटो काढतात. बाजूच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे, तिकडे फार कुणी थांबत नाही. तो सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो. त्यात यज्ञांची आणि दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि नाण्यांची मोजदाद आहे. एका बाईच्या नावाने ओळखला जाणारा हा हिशेब, तोही आपल्या मुरबाडच्या डोक्यावर. गटाचं रजिस्टर लिहिताना आम्हाला तिची आठवण येते.

भाजण्याची जुनी लेखी नोंद मात्र राजाची आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ केला. त्याची राजधानी कल्याण, पण ते आपल्या लोकलचं कल्याण नव्हे, कर्नाटकातलं बसवकल्याण. त्या ग्रंथात मांडे करण्याची रीत आहे. गव्हाची कणीक हातावर पसरत न्यायची आणि तापलेल्या खापरावर भाजायची. मांडे म्हटलं की आपल्याला मुक्ताबाई आठवते. विसोबाने कुंभारांना सांगून ठेवलं, तिला खापर मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवून दिली, अशी ती कथा. चमत्काराचं सोडून द्या. आम्हाला त्यातलं एक फार खरं वाटतं. ज्याच्या हातात भांडं, त्याच्या हातात दुसऱ्याचं भाजणं अडवणं. बेळगावकडे लग्नकार्यात पिठीसाखर आणि वेलदोडा घातलेले मांडे आजही करतात, उलट्या कढईवर.

पाव आला पोर्तुगीजांबरोबर. 1534 ला वसई त्यांच्या हाती गेली, ठाणंही गेलं, आणि 1739 ला चिमाजी आप्पांनी वसई घेईपर्यंत ते इथे होते. पाव हा शब्दसुद्धा त्यांचाच. गोव्यात त्यांच्या भट्टीची आणि आपल्या नारळाची गाठ पडली आणि बिबिंक तयार झालं. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, थोडा मैदा, तूप, जायफळ. एक थर ओतायचा, वरून निखाऱ्याची आच द्यायची, तो भाजला की तूप लावून दुसरा थर. सात थर तरी हवेतच. गोव्याच्या घरांमध्ये हे बायका नारळाच्या सोडणांच्या विस्तवावर करत आल्या. धोंडसात एकदा ठेवायचा वरचा विस्तव बिबिंकात सात वेळा, एवढाच फरक. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "एवढा वेळ कुणाला?"

गोडाचं झालं, आता तिखटाचं. ठाणे-कल्याण-अलिबाग पट्ट्यातल्या सीकेपी घरांत भानोलं करतात. बारीक चिरलेला कोबी किंवा कोलंबी, बेसन, आलं-लसूण, मसाला आणि नारळाचं दूध एकत्र करून तेल लावलेल्या टोपात, पुन्हा तेच, वर-खाली विस्तव ठेवून भाजायचं आणि वड्या पाडायच्या. त्यांच्या जुन्या बायका भानोल्याच्या खरपूस कडेवरून सुनेची परीक्षा घेत, असं ऐकलंय. परीक्षा काय, कशावरूनही घेतात.

आणि पोपटी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात आणि आपल्या आगरी भागात शेतावर पोपटी लागते. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, मग शेंगा, मीठ, ओवा, हवी तर अंडी नाहीतर मसाला लावलेली कोंबडी, तोंडाला पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. थेंबभर पाणी नाही, आपल्याच वाफेत सगळं भाजतं. ओवा घालतात तो उगाच नाही, वाल वातूळ. पोपटी बहुतेक पुरुष लावतात, कारण ती शेतावर, रात्री, गप्पा मारत होते. घरातलं धोंडस बायकांचं. एकाच कामाचा एक सण झाला आणि दुसरं रोजचं काम राहिलं.

पुस्तकांत हे सगळं सारखं उतरलं नाही. मराठीतलं जुनं छापील पाकपुस्तक सूपशास्त्र, 1875 चं, ते लिहिलं रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी. बाईने लिहिलेलं मोठं पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई धुरंधरांचं गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया, 1910 चं. मग 1970 ला कमलाबाई ओगले यांची रुचिरा आली आणि तोळा-शेराऐवजी वाटी-चमच्याचं माप घरोघर गेलं. ही मोठी कामं आहेत. पण ज्यांना लिहिता येत होतं त्यांच्या घरचं आधी लिहिलं गेलं. काकडीचं पानगं करणारी आमची आजी अंगठा उठवायची, तिचं माप मुठीत आणि ओंजळीत होतं.

नानकटाईबद्दल एक सांगायचं राहिलं. ती सुरतेची, डचांच्या भट्टीवरून पारशी बेकरीवाल्याच्या हाती आलेली, असं सांगतात. तालुक्याच्या गावांत ती घरोघर झाली ती अशी: बायका घरी रवा, मैदा, तूप, वेलदोडा मळून गोळे करायच्या, पत्र्याच्या ट्रेमध्ये लावायच्या आणि डोक्यावरून बेकरीत न्यायच्या. बेकरीवाला भाजणावळ घ्यायचा. पीठ आपलं, तूप आपलं, हात आपले, भट्टी दुसऱ्याची. ओव्हन घेतला तेव्हा आम्हाला वाटलं होतं, आता भट्टी आपली झाली. ती झाली विजेची.

ओव्हन आम्ही विकलेला नाही. त्याचे हप्ते अजून गटाच्या वहीत आहेत आणि वीज असते तेव्हा तो चांगला चालतो. पण मागच्या भादव्यात आम्ही सासूबाईंना रीतसर बोलावलं, पुढे पाटावर बसवलं आणि धोंडस शिकून घेतलं. त्यांना शिकवण्याचं मानधन द्यायचं की नाही यावर सभेत वाद झाला. घरच्याच आहेत, असं काहींचं म्हणणं. बाहेरच्या बाईंना तीन दिवसांचे पैसे दिले तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं, असं दुसरीकडून आलं. शेवटी दिलं. सासूबाईंनी पाकीट घेतलं, उघडून मोजलं आणि म्हणाल्या, "पुढच्या टायमाला टोप जाड बुडाचा आना, ह्यो पातळ हाय."

जाड बुडाचे दोन टोप आणि दोन लोखंडी झाकणं आता आणली आहेत. तुमच्या गावात वर विस्तव ठेवून काय काय भाजतात, ते पुढच्या बैठकीला येताना विचारून या, आणि ज्या आजीने सांगितलं तिचं नाव पाककृतीच्या वर लिहून आणा. तवशी पिवळी पडायला अजून महिनाभर आहे.