जुनं ट्विन-टब वॉशिंग मशीन घरीच सुरू करायचंय? आधी अर्थिंग, मग ब्रेक, मग बाकीचं

गच्चीवर किंवा गावाकडच्या पडवीत एखादं जुनं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन धूळ खात पडलं असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी थोडं थांबा. आणि ‘चालतंय का बघू’ म्हणून थेट प्लगही लावू नका. सगळ्यात धोकादायक स्टेप तीच आहे.

मी दिवसभर कोड लिहितो. आत्ताच्या फुल्ली ऑटोमॅटिक मशीनमध्येही कोडच असतो. तो बोर्डवरच्या चिपमध्ये असतो आणि बोर्ड गेला की बहुतेक वेळा अख्खा बोर्डच बदलतात. जुन्या ट्विन-टबचं तसं नाही. त्याचा ‘प्रोग्रॅम’ म्हणजे प्लॅस्टिकची दातेरी चाकं आणि तांब्याच्या पट्ट्या. झाकण उघडलं की सगळं लॉजिक डोळ्यांना दिसतं. मावशीकडचं नव्वदच्या दशकातलं मशीन मी असंच वाचत वाचत सुरू केलं.

आत नेमकं काय असतं?

पाणी घुसळणारी चकती, म्हणजे पल्सेटर, ही कल्पना तशी जुनी. ब्रिटनमध्ये हूवरने 1948 मध्ये वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या कारखान्यात अशी मशीन्स बनवायला सुरुवात केली; त्यात चकती टबच्या बाजूच्या भिंतीला होती. जपानमध्ये सान्योने 1953 मध्ये याच धर्तीचं मशीन आणलं. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत जी ट्विन-टब घरोघरी आली, त्यांत चकती तळाला गेली आणि शेजारी दुसरा टब आला. या दुसऱ्या टबला आपण ‘ड्रायर’ म्हणतो खरं, पण तो गरम हवेचा ड्रायर नव्हे. तो फक्त जोरात फिरून पाणी बाहेर फेकतो.

मोटर दोन असतात. धुण्याची मोटर बेल्टने पल्सेटर फिरवते. ड्रायरची मोटर सरळ टबच्या खालीच जोडलेली असते. दोन्ही साध्या इंडक्शन मोटर. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला साधारण 1400 फेरे. दोघींना एकेक कपॅसिटर लागतो.

टायमर हा माझा आवडता भाग. आत घड्याळासारखी स्प्रिंग असते. ती हळूहळू सुटते, दातेरी चाक फिरतं आणि त्याचे उंचवटे तांब्याच्या पट्ट्या जोडतात-तोडतात. एक पट्टी जोडली की मोटर उजवीकडे, थोडा थांबा, दुसरी जोडली की डावीकडे. इफ-एल्स म्हणा ना! पट्ट्यांवर काजळी धरली की मशीन एकाच दिशेला फिरतं. काँटॅक्ट क्लीनर मारून बघा. नाहीच जमलं तर अख्खा टायमर काही शे रुपयांत मिळतो.

पहिलं काम: अर्थिंग

ओले हात, ओली फरशी, पत्र्याची बॉडी आणि 230 व्होल्ट. तीस वर्षांत कुणीतरी तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा लावलेला असतोच. तसा दिसला तर आधी तीन पिनांची नवी केबल घाला. मग मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरं बॉडीच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावा. बीप वाजलाच पाहिजे. नंतर मीटर सगळ्यात मोठ्या ओहम रेंजवर नेऊन बाकीच्या दोन पिना आणि बॉडी यांच्यात तपासा. स्विच आणि टायमर चालू स्थितीत ठेवून हे करायचं, प्लग अर्थातच भिंतीत नाही. इथे काहीच रीडिंग येता कामा नये.

तरी एवढ्यावर समाधान मानू नका. मल्टिमीटर काही व्होल्टवर तपासतो, खरी वीज 230 ची. वर्षानुवर्षं दमट जागेत पडलेल्या मोटरचं इन्सुलेशन मेगरने 500 व्होल्टवर तपासतात. वायरमनकडे मेगर असतो. रीडिंग एक मेगाओहमच्या खाली आलं तर ती मोटर वापरायची नाही. रिवाइंड तरी करा किंवा बदला. आणि घरच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल, तर आधी ती बसवून घ्या. ज्या सॉकेटला मशीन लावणार, त्यालाही अर्थिंग आहे का, हे त्याच वायरमनला बघायला सांगा.

दुसरं काम: ड्रायरचा ब्रेक

याला लोक फार हलक्यात घेतात. 24 सेंटिमीटर व्यासाचा टब मिनिटाला 1400 फेरे घेतो, तेव्हा त्याची कड ताशी 60 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळत असते आणि आतल्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या अडीचशे पटींहून जास्त जोर असतो. म्हणूनच झाकण उघडलं की दोन गोष्टी व्हायला हव्यात: स्विच तुटून मोटर बंद, आणि ब्रेक चाकावर दाबला जाणं. मावशीच्या मशीनमध्ये ब्रेकचा पॅड झिजून पार गुळगुळीत झाला होता. झाकण उघडल्यावर टब आरामात फिरतच राहायचा. शेजारी लहान मूल उभं असेल तर काय होईल, विचार करा.

तपासायला फोन घ्या. रिकामा टब पूर्ण वेगात येऊ द्या, फोन स्टँडवर ठेवून व्हिडिओ सुरू करा आणि झाकण उघडा. नंतर फ्रेम मागेपुढे करून टब थांबायला किती वेळ लागला ते मोजा. काही सेकंदांत थांबत नसेल तर प्लग काढून ब्रेक तपासा, पॅड बदला, परत मोजा. स्विच ‘बायपास’ करून ड्रायर चालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टबला तडा दिसला तर तो ड्रायर कायमचा बंद. चिकटवायचा प्रयत्नही नको.

बाकीचे आजार

मोटर गुणगुणते पण फिरत नाही? संशयित नंबर एक: कपॅसिटर. प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, म्हणून हात लावण्याआधी इन्सुलेटेड क्लिपांनी 10 किलोओहमचा रेझिस्टर त्याच्या टोकांना काही सेकंद लावा. मग मायक्रोफॅरड मोजा. छापलेल्या आकड्यापेक्षा बरंच कमी असेल तर नवीन आणा: तेवढेच मायक्रोफॅरड, आणि व्होल्टेज जुन्याइतकं, बहुधा 440. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत सहज मिळतो. जुना सोबत न्या, दुकानदाराचाही वेळ वाचतो.

वायरी सोडण्याआधी प्रत्येक जोडाचे फोटो काढा, तेही दोन कोनांतून. रंग उडालेले असतात, म्हणून कागदी टेपवर नंबर लिहून चिकटवा आणि मग फोटो घ्या. धुण्याच्या मोटरमध्ये दोन्ही वाइंडिंग सारखी असतात, कारण तिला दोन्ही दिशांना फिरायचं असतं. ड्रायरच्या मोटरमध्ये ती वेगळी असतात. रीडिंग घेताना हे लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही.

पल्सेटर अडकला असेल तर मधला स्क्रू काढून दोन्ही बाजूंनी सुतळी अडकवा आणि सरळ वर ओढा. खाली नाणी, सेफ्टी पिना, हेअरपिना निघतात. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर सायट्रिक अॅसिडच्या कोमट पाण्याने सुटतो. त्यात ब्लीच मात्र मिसळू नका, विषारी वायू होतो. बेल्ट किंचाळत असेल तर मोटरचे बोल्ट सैल करून ती थोडी मागे सरकवा. खाली पाणी गळत असेल तर बहुधा रबरी सील गेलेलं असतं.

कंपनी बंद पडली तर भाग कुठून आणायचे, हा प्रश्न हमखास येतो. औरंगाबादजवळ चितेगावला कारखाना असलेली व्हिडिओकॉन 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तरी टायमर, सील, बेल्ट यांत बाजारात जेनेरिक माल भरपूर आहे. मापं जुळवायची, नाव नाही.

पहिली चाचणी कपड्यांशिवाय घ्या. टब पाण्याने भरा, पंधरा मिनिटं चालवा, फोनच्या टॉर्चने खाली गळती बघा. मग ड्रायरमध्ये ओले टॉवेल कडेने सारखे पसरून फिरवा. सगळं ठीक वाटलं की प्लग काढून मशीन आडवं करा आणि तळाच्या मोकळ्या भागाला जाळी ठोका. नाहीतर उंदीर आत शिरून नवीन वायरीही कुरतडतील.