उद्योजकतेचा पेपर नसलेली शाळा

‘उद्योजकता विकास’चा पेपर तुम्हीही दिला असेल. त्यातून किती जण उद्योजक झाले? आता १८९० सालच्या बडोद्यात चला. सयाजीराव गायकवाडांनी तिथे कलाभवन काढलं, रसायनशास्त्राचे प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख. कापड रंगवण्यासारखे धंदे तिथे शिकवत, तेही गुजरातीतून. म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या कारागिराच्या पोरालाही रसायनशास्त्र कळावं!

पुढे १९०७मध्ये गज्जरांचे विद्यार्थी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी गुरूंना सोबत घेऊन बडोद्यातच अलेम्बिक कंपनी उभारली. ती आजही औषधं बनवते.

आपला प्रयोग जर्नलवर सरांची सही झाली की संपतो. इथे सर स्वतःच धंद्याच्या जोखमीत उतरले. पेपरात नेमकं हेच बसत नाही.