न्हाणीचा जमाखर्च: बंबापासून बाथटबपर्यंत



"बाथरूमला किती खर्च आला?" असं माझ्या आजेसासूबाईंना कुणी विचारलं असतं, तर त्यांना प्रश्नच कळला नसता. न्हाणीला वेगळा खर्च येतो ही कल्पनाच तेव्हा नव्हती. आमच्या लातूरच्या जुन्या वाड्यातल्या खर्चाच्या वह्या सासऱ्यांनी जपून ठेवल्या होत्या. त्यांत आडाचा गाळ काढल्याची मजुरी सापडते. दोर आणि पोहरा सापडतो, बंबाची दुरुस्ती सापडते, गाडीभर जळण सापडतं. 'न्हाणी' हा शब्द मात्र कुठेच नाही. सगळा पैसा पाण्यावर आणि पाणी तापवण्यावर जायचा. जिथे अंघोळ करायची, ती जागा म्हणजे परसदारी चार शहाबादी फरशा, कडेला एक दगड आणि पाणी बाहेर जायला भिंतीत भोक.

आता आमच्या घरी वरच्या मजल्यावरच्या मोठ्या बाथरूमचं काम निघालंय. मुलगा आणि सून पुण्याहून कायमचे इकडे आले. डिझायनरने कोटेशन दिलं ९ लाख ४० हजारांचं. आमचे हे गप्प बसले, सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. मी ते कागद घेऊन बसले आणि शेजारी जुन्या वह्याही घेतल्या. आजचा लेख त्यातूनच निघालाय.

आधी आपल्या भागाबद्दल. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी. हे लट्टलूर म्हणजेच आपलं लातूर, असं अभ्यासक मानतात. अमोघवर्ष याच घराण्यातला, आणि आचार्य जिनसेन त्याचे गुरू, हे आपल्याकडे पाठशाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला त्याच काळातला जगत्तुंग सागर आजही आहे. जगत्तुंग ही गोविंद तिसरा याची पदवी. राजाने नाव दिलं ते तळ्याला, हे मला फार बोलकं वाटतं. मराठवाड्यात श्रीमंती दाखवायची ती साठवलेल्या पाण्याने. आमच्या वाड्यातही पाहुण्याला आधी आड दाखवायचे, मग दिवाणखाना.

माझं माहेर नांदेडचं, तिथलं गणित वेगळं. दाराशी गोदावरी. नगीना घाट, गोवर्धन घाट, बंदाघाट ही नांदेडची खरी स्नानगृहं. आजोबा वर्षातले आठ महिने नदीवरच अंघोळ करून येत. सचखंड गुरुद्वारात तर आजही रोज गोदावरीतून घागर भरून पाणी नेतात आणि त्याने तख्त धुतात. पुढे विष्णुपुरीला बंधारा आणि उपसा जलसिंचन प्रकल्प झाला, जलाशयाला शंकर सागर नाव मिळालं. २००८ च्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी घाट आणि रस्ते नवे झाले. पण नदीवर अंघोळ करायला जायचे ते पुरुष. बायका अंधार असतानाच घरी न्हाऊन मोकळ्या व्हायच्या, आणि त्या घरच्या न्हाणीला दार नसायचं. एक जुनं लुगडं दोरीवर टाकलेलं असायचं. कुणी आलं की आतून खाकरायचं.

आणखी एक गोष्ट लिहिताना हात अडखळतो, पण न्हाणीचा इतिहास सांगायचा तर ती वगळता येणार नाही. वाड्यातला संडास टोपलीचा होता. मागच्या बोळात त्याला वेगळं लहान दार होतं आणि त्या दारातून कुणीतरी माणूस येऊन ती टोपली डोक्यावर नेत असे. अहिंसेचे पाठ म्हणणाऱ्या आमच्या घरांतही हेच चालायचं. वहीत त्याचा खर्च शोधलात तर दिवाळीला दिलेलं जुनं धोतर आणि महिन्याचे काही आणे, एवढंच. मैल्याची कामं हातांनी करून घ्यायला आणि असे संडास बांधायला बंदी करणारा कायदा संसदेने १९९३ साली केला, २०१३ साली आणखी कडक केला. जुनी न्हाणी स्वस्त होती, साधी होती, असं कुणी म्हटलं की मला ती टोपली आठवते. तिची किंमत दुसरंच कुणी मोजत होतं.

१९९३ हे साल आपल्याकडे दुसऱ्याच कारणाने ओळखतात. ३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, आपल्या दशलक्षण पर्वाची सांगता आणि गावोगाव गणपतीचं विसर्जन. किल्लारी-सास्तूर भागात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, ती बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या मातीखाली. त्यानंतर लातुरात माळवद कुणी बांधलं नाही. कॉलम, बीम, स्लॅब आले आणि स्लॅबवर काळ्या टाक्या आल्या. टाकी वर गेली, तेव्हा नळ वरच्या मजल्यावर गेला आणि न्हाणी परसातून झोपायच्या खोलीला चिकटली. आज ज्याला 'अटॅच्ड' म्हणतो ते आमच्या गल्लीत तरी असं भूकंपानंतर आलं.

म्हणूनच कोटेशनमधल्या बाथटबपाशी मी पहिल्यांदा थांबले. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, हे वरच्या टाकीचं गणित आपल्या सगळ्यांना पाठ आहे. टबात दोन-अडीचशे लिटर पाणी, टबाचं स्वतःचं वजन, आत माणूस, खाली भराव आणि दगडी फरशी. लातूर भूकंपाच्या नकाशात तिसऱ्या विभागात आहे. आमचा स्लॅब १९९६ चा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय टब वर चढवायचा नाही, असं मी सांगितलं, तर डिझायनर म्हणाले, "काकू, एवढं कुणी विचारत नाही." पण ज्या जिल्ह्याने ती पहाट पाहिली, तिथे हे विचारायलाच हवं.

दुसरं कारण पाण्याचं. लातूरला नळ आठ-दहा दिवसांनी येणं आपल्याला नवं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मात्र मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. 'जलदूत'. ३४२ किलोमीटरवरून १० वाघिणींत ५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे ३ लाख ८३ हजार होती, म्हणजे माणशी दीड लिटरही नाही. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली. बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी लातुरात १९११ साली पोचली होती. तीच अरुंद रेल्वे राहिली असती, तर ही गाडी इथवर आलीच नसती. रुंद मार्ग होऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

त्याच मे महिन्यात रेल्वेने ६ कोटी २० लाख लिटरच्या वाहतुकीचं ४ कोटींचं बिल जिल्हा प्रशासनाकडे पाठवल्याची बातमी आली होती. बिल कुणी भरलं, माफ झालं का, हा वाद बाजूला ठेवू. भागाकार केला तर लिटरमागे साधारण ६५ पैसे होतात, आणि ते फक्त वाहून आणण्याचे. या हिशेबाने भरलेला एक टब म्हणजे दीडशे रुपयांच्या पुढे. छतातल्या रेन शॉवरमधून मिनिटाला वीसेक लिटर पाणी पडतं. दहा मिनिटं उभं राहिलं की दहा बादल्या. सासूबाई अर्ध्या बादलीत न्हातात.

सासूबाईंची त्या उन्हाळ्यातली एक गोष्ट सांगते. आपल्याकडे पाणी दुहेरी जाड कापडातून गाळतात आणि गाळण्यात राहिलेले जीव जिथलं पाणी तिथेच परत सोडतात. जिवानी म्हणतात ती हीच. आडाच्या काळात ते सोपं होतं: कडीचा पोहरा अलगद खाली सोडायचा. नळ आला तेव्हा लोकांनी मनाची समजूत घातली. पण टँकरमधून कृष्णेचं पाणी आलं तेव्हा सासूबाई गाळणं हातात धरून कितीतरी वेळ ओट्याशी उभ्या राहिल्या. "याची जिवानी आता मिरजेला कोण नेणार?" असं त्या म्हणाल्या. थट्टा नव्हती ती. त्यांनी त्या दिवसापासून गाळायचं पाणी निम्म्यावर आणलं. जे परत करता येत नाही ते कमी घ्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मुनिमहाराजांच्या अठ्ठावीस मूलगुणांत अस्नान आहे. आपण गृहस्थ, आपल्याला पूजेआधी न्हावं लागतं, पण किती पाण्यात हे आपल्या हातात आहे.

एवढं सगळं मी सुनेला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, टब नको तर नको. पण घरात मला दार लावून बसता येईल अशी ती एकच खोली आहे."

मी यावर दोन दिवस विचार केला. मला दोरीवरचं लुगडं आठवलं. आजेसासूबाई पहाटे चारला न्हायच्या, त्याला आम्ही धर्म म्हणत आलो. त्यात थोडा नाइलाजही असावा, कारण उजाडल्यावर परसात त्यांना आडोसाच नव्हता. चोख कडी, खिडकीतून उजेड, ओले कपडे ठेवायला कोरडी जागा आणि बाहेरून कुणी हाक न मारता मिळालेला अर्धा तास, ही पोरीची चैन मला मुळीच चैन वाटत नाही. बायकांच्या तीन पिढ्यांची ती थकबाकी आहे.

मग आम्ही दोघींनी बसून कोटेशन नव्याने मांडलं. मूळ कागदात इटालियन मार्बल २ लाख ६० हजार, फिटिंग्ज ३ लाख १० हजार, टब १ लाख ४०, काचेचं पार्टिशन ९० हजार, फॉल्स सीलिंग आणि दिवे ८० हजार. वॉटरप्रूफिंग आणि प्लंबिंग मिळून फक्त ६० हजार. डोळ्यांना जे दिसतं त्याला पावणेनऊ लाख, आणि ज्याच्यावर स्लॅबचं आयुष्य अवलंबून आहे त्याला साठ हजार! जुन्या वहीच्या बरोबर उलट.

टब गेला. मार्बलऐवजी ग्रॅनाइट आणि खरखरीत टाइल घेतल्या, तिथे दीड लाख वाचले. आपल्या बोअरच्या क्षाराच्या पाण्याने आठ दिवसांत पांढरे डाग पडतात, ते काढायला ॲसिड वापरलं की मार्बल खातं. शहाबादीचंही तसंच, हे जुन्या बायकांना माहीत होतं, म्हणून त्या नारळाच्या शेंडीने आणि राखेने घासायच्या. नळ चांगल्या प्रतीचेच ठेवले, तिथे कंजुषी करू नका, भिंतीत गाडलेला स्वस्त डायव्हर्टर गळला की टाइल फोडावी लागते. वाचलेल्या २ लाख ९० हजारांतून अंगणात जमिनीखालची टाकी, गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याची जोडणी, अंघोळीचं पाणी फ्लशला वापरायची वेगळी लाइन, दुप्पट वॉटरप्रूफिंग. जुन्या फ्लशला एका वेळी दहा-बारा लिटर लागायचे, नव्या दुहेरी बटणाला सहा आणि तीन. भिंत फोडल्यावर काय निघेल ते सांगता येत नाही म्हणून एक लाख बाजूला ठेवले, ते कोटेशनच्या वर. आणि हो, टाइल-सॅनिटरीवर १८ टक्के जीएसटी लागतो (२०१७ च्या जुलैत तो २८ होता, नोव्हेंबरात उतरला). दर करासकट आहे की वेगळा, हे आधी लिहून घ्या. आमच्या कागदात ते कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं.

एक गोष्ट मूळ कोटेशनमध्ये कुठेच नव्हती: धरायला भिंतीतला दांडा आणि उंबरा नसलेलं दार. दांड्याला हजार-दीड हजार लागतात. सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत, आणि मीही काही लहान होत चाललेले नाही.

टाकीचं खोदकाम चातुर्मासात करायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलंय. पावसाळ्यात ओल्या मातीत जीव फार असतात. मुलगा म्हणाला, तोवर दर वाढतील. मिस्त्रींनीच मध्ये पडून सांगितलं की ओल्या मातीत खड्ड्याच्या कडा ढासळतात, तेही दिवाळीनंतरच हात लावणार होते. तेव्हा कार्तिकी पौर्णिमेनंतरचा मुहूर्त ठरलाय. तांब्याचा बंब मात्र अजून माळ्यावर आहे. सून म्हणते झाड लावू, सासूबाई म्हणतात मोडीत घाला, आणि आमचे हे म्हणतात, गिझर बंद पडला तर?