चौपाटीचे विमान आणि घोडबंदरचा कोट

मीरा रोडच्या पूर्वेस, काशीमीऱ्याहून ठाण्याकडे निघालेला रस्ता जेथे खाडीच्या अंगाला लागतो, तेथे घोडबंदरचा पोर्तुगीज अमदानीतील कोट उभा आहे. १७३७ साली साष्टीच्या स्वारीत तो मराठ्यांनी घेतला आणि पुढे दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली, हे आज आपण निःशंकपणे सांगतो, त्याचे श्रेय पोवाड्यांना नाही आणि बखरींनाही नाही. त्या मोहिमेत छावणीतून पुण्याकडे आणि पुण्याहून छावणीकडे जी पत्रे धावत होती ती पेशवे दप्तराच्या रुमालांत राहिली, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात सरकारतर्फे त्या दप्तरातील निवडक कागदांचे जे ४५ खंड सिद्ध केले त्यांतून ती अभ्यासकांच्या हाती आली. पत्र लिहिणारा कोण, ते कोणास लिहिले, कोणत्या तिथीस लिहिले आणि मधल्या काळात ते कोणाच्या ताब्यात होते, या चारही प्रश्नांना तेथे उत्तर आहे.

आता मीरा रोडहून लोकलने तासाभरात जेथे पोहोचता येते त्या गिरगाव चौपाटीवरची, आणि घोडबंदरच्या प्रसंगाहून दीडशेहून अधिक वर्षांनी अलीकडची, एक हकीकत घ्या. चिराबाजारात राहणाऱ्या शिवकर बापूजी तळपदे या पाठारे प्रभू गृहस्थाने १८९५ साली ‘मरुत्सखा’ नावाचे निर्मनुष्य विमान १५०० फूट उंच उडविले, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि सयाजीराव गायकवाड यांनी ते समक्ष पाहिले, आणि ‘केसरी’ने त्याची बातमी दिली, अशी ती आख्यायिका आहे. राइट बंधूंचे उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चे. तेव्हा ही गोष्ट खरी ठरली तर जगाच्या इतिहासाचे एक पान फिरवावे लागेल. परंतु ज्या शहरात वृत्तपत्रे होती, तारायंत्र होते, हायकोर्ट होते, छायाचित्रकारांची दुकाने होती, आणि ज्यातील वॉटसन हॉटेलात पुढल्याच वर्षीच्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली, त्या शहरात भर चौपाटीवर विमान उडाल्याचा समकालीन, निर्विवाद असा एकही कागद पुढे आलेला नाही. साक्षीदार म्हणून रानडे यांचे नाव घेतले जावे ही तर थट्टाच म्हणायची, कारण पेशव्यांच्या रोजनिश्या लोकांपुढे याव्यात म्हणून झटणारा आणि त्यांवर १९०० साली विस्तृत निबंध वाचणारा असा कागदांचा कदरदान त्या काळी विरळाच होता.

कागद नसला तरी छायाचित्र तरी असावे, असे कोणी म्हणेल. पण येथे आपल्या शहराचा आणखी एक जुना व्यवसाय ध्यानात घेतला पाहिजे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या मंडळींपैकी होते. त्याच पिढीतील विल्यम जॉन्सन याने मुंबईच्या निरनिराळ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ साली लंडनहून प्रसिद्ध केले. त्यांतील मंडळी शहरातील एखाद्या देखाव्यापुढे उभी असलेली दिसतात. वस्तुतः माणसांची छबी एका काचेवरची आणि पाठीमागचा देखावा दुसऱ्या काचेवरचा, आणि दोहोंचा सांधा छायाचित्रकाराने आपल्या मेजावर बसून जुळविलेला. यात फसवणुकीचा हेतू नव्हता. गिऱ्हाइकाला चित्र डौलदार हवे होते आणि कारागिराने ते तसे करून दिले. चित्र जुळविण्याची कला अशी छायाचित्राच्या पाठोपाठच मुंबईत आली, हे विसरून आज ‘फोटो आहे, म्हणजे खरे आहे’ असे म्हणणारा मनुष्य जॉन्सनच्या गिऱ्हाइकाहूनही भोळा समजला पाहिजे.

पऱ्यांच्या आणि परग्रहावरील यानांच्या चित्रांचे जे वाद जगभर माजतात त्यांतही हेच होते. १९१७ साली इंग्लंडातील कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी परींची छायाचित्रे काढली, शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल याने ती खरी मानली, आणि त्या पऱ्या कागदाच्या कातरलेल्या असून टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या ही कबुली मिळायला १९८३ साल उजाडले. २००७ साली ‘आयझॅक’ असे एवढेच नाव सांगणाऱ्या कोणी एकाने, आपण १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियातील एका गुप्त प्रयोगशाळेत होतो असे म्हणत, परग्रहावरील यंत्रांची छायाचित्रे आणि अगम्य लिपीतील आकृत्या लोकांपुढे ठेवल्या. मग छाया कोणीकडे पडते, धातूवरची चकाकी संगणकाची की सूर्याची, यावर मोठे जाणकार हमरीतुमरीवर आले. वतनाच्या तंट्यात बनावट महजर पुढे येत असत तेव्हा आपल्याकडील गोतसभा शिक्का आणि हस्ताक्षर पाहतच असे, परंतु हा कागद आजवर कोणाच्या घरी होता आणि यावर साक्ष घातलेले कोण, हे विचारल्यावाचून ती निवाडा करीत नसे. आयझॅकला या प्रश्नांची उत्तरे कधी द्यावीच लागली नाहीत, आणि माझ्या मते तेथेच तो वाद मिटायला हवा होता.

तळपदे यांच्या गोष्टीला चित्र मिळाले ते फार उशिरा आणि परप्रांतातून. कर्नाटकातील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी भरद्वाज ऋषींपासून अंतःप्रेरणेने प्राप्त झाल्याचे सांगून ‘वैमानिक शास्त्र’ नावाचा संस्कृत ग्रंथ तोंडी सांगितला, एल्लप्पा नावाच्या नकाशे काढणाऱ्या गृहस्थाने शास्त्र्यांच्या सूचनेनुसार शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या विमानांची रेखाटने केली, आणि म्हैसूरच्या जी. आर. जोस्येर यांनी १९७३ साली तो ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह व रेखाटनांसह छापला. पुढल्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी त्याची तपासणी केली. भाषा वैदिक नसून अर्वाचीन आहे आणि ग्रंथाची रचना १९०४ च्या मागे जात नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. माथ्यावरच्या पंख्यांनी हवा ओढून उभ्या नळ्यांतून खाली सोडावयाची, ही रुक्म विमानाची योजना तेवढी त्यांना काहीशी अर्थपूर्ण वाटली. परंतु चारांपैकी एकही विमान उडण्याजोगे नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. इतके होऊनही जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये कॅप्टन आनंद बोडस यांनी प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला, आणि त्याच महिन्यात तळपदे यांच्यावरचा ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपटही झळकला.

तळपदे यांच्यावर यात एक अन्यायच झाला आहे. विमानाच्या ध्यासाने एका मध्यमवर्गीय गिरगावकराने खरोखर काय घडविले, किती वेळा ते मोडले, पैसा कोठून आणला, हा शोध घेण्याजोगा विषय होता. तो सर्व तपशील त्या १५०० फुटांच्या उंचीखाली दडपला गेला. त्यांचे निधन १९१६ च्या सुमारास झाले. शास्त्र्यांचे कथन लिहून घेण्याचे काम १९१८ ते १९२३ असे चालले आणि एल्लप्पांची रेखाटने १९२३ सालची. त्यामुळे तळपदे यांच्या गोष्टीशेजारी आज हटकून जे चित्र छापले जाते ते त्यांच्या पश्चात सहा-सात वर्षांनी, त्यांचे यंत्र कधी न पाहिलेल्या हाताने काढलेले आहे.