जस्ताचे कवच आणि आपला लोहधंदा

गंज हा लोखंडाचा जन्मजात वैरी होय. त्यास आवरणारे जस्त मध्ययुगात आपल्याच देशी, उदयपूरनजीकच्या जावर येथे, ऊर्ध्वपातनाने काढीत असत. परंतु वितळलेल्या जस्ताचे कवच लोखंडास चढविण्याची रीत १७४२ साली मालुअँ याने फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. १८३७ साली सोरेल याने तिचे पेटंट घेतले. पुढे इंग्रजी अमदानीत जस्ती पत्रे व बादल्या येथे विलायतेहून येऊ लागल्या.

आज छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा व वाळूज औद्योगिक वसाहतींत लोखंडकाम करणाऱ्या ज्ञातिबांधवांनी या विद्येचे मर्म जाणावे. सुमारे ४५० अंश उष्ण जस्तात बुडविलेल्या लोखंडाशी जस्ताचा संयोग होतो. पुढे ओरखडा पडला तरी सभोवारचे जस्त आधी स्वतः झिजते व लोखंडास राखते. मात्र जस्त चढविल्यावर वेल्डिंग केल्यास सांध्यावरील कवच जळून जाते आणि त्या धुराने कारागिरास थंडीताप भरतो. यास्तव कापणे, भोके पाडणे, जोडणे प्रथम, बुडविणे शेवटी. बंद नळीस हवा निघण्यास भोके ठेवावीत, अन्यथा ती तप्त जस्तात फुटण्याचे भय असते. जस्ती मालच जोडणे भाग पडल्यास सांध्याजवळील जस्त आधी घासून काढावे व मागाहून तेथे जस्तयुक्त रंग द्यावा. हा क्रम पाळण्यातच मालाचे आयुष्य व आपल्या कारागिरांचे आरोग्य ही दोन्ही सुरक्षित आहेत.