कधीच न बांधलेले घर : फ्रेडरिक किस्लर

१/ १९६० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात स्वप्नवत वास्तुरचनांचे एक प्रदर्शन भरले. त्यात तारेच्या जाळीवर सिमेंट थापून घडवलेली एका घराची प्रतिकृती होती. तिला एकही सरळ भिंत नव्हती. घरापेक्षा ती शंखासारखी किंवा वारुळासारखीच भासे. नाव होते ‘एंडलेस हाउस’, म्हणजे अंतहीन घर.

२/ तिचे कर्ते फ्रेडरिक किस्लर. जन्म १८९०, ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील चेर्नोविट्स (आज युक्रेनमधील चेर्निव्त्सी) येथे. चित्र, शिल्प, नेपथ्य आणि वास्तू अशा चारही क्षेत्रांत त्यांचा संचार होता. १९२६ मध्ये नाट्यविषयक प्रदर्शनासाठी ते न्यूयॉर्कला आले आणि तेथेच स्थायिक झाले.

३/ तो काळ पोलाद, काच आणि काटकोनाचा होता. घराची तुलना यंत्राशी केली जाई. किस्लर यांना हे अमान्य होते. माणूस आणि त्याचा परिसर यांच्यात अखंड देवाणघेवाण चालते, हा विचार त्यांनी १९३९ मध्ये ‘कोरिअलिझम’ या नावाने मांडला.

४/ १९४२ मध्ये पेगी गुगेनहाइम यांच्या कलादालनात त्यांनी हा विचार प्रत्यक्षात आणला. भिंती वक्र, लाकडी. चित्रे चौकटीविना आणि भिंतीपासून पुढे आलेली. चित्र आणि पाहणारा यांच्यातील अंतरच त्यांनी कमी केले.

५/ अंतहीन घर ही त्याच्या पुढची पायरी. अंड्याच्या कवचाला खांब-तुळया लागत नाहीत, तसेच येथे वक्र कवचच भार पेलणार होते. जमीन, भिंत आणि छत एकमेकांत विरघळत जाणार होते. पायांखाली कुठे वाळू, कुठे खडे, कुठे गवत, स्नानासाठी कुंडे.

६/ हे घर पूर्णाकारात संग्रहालयाच्या बागेत उभारण्याचा विचार झाला होता. तो तडीस गेला नाही.

७/ किस्लर यांच्या हयातीत साकारलेली त्यांची मोठी वास्तू जेरुसलेममध्ये आहे. आर्मंड बार्टोस यांच्यासह रचलेले ‘श्राइन ऑफ द बुक’ एप्रिल १९६५ मध्ये खुले झाले. मृत समुद्राकाठची प्राचीन हस्तलिखिते ज्या रांजणांत सापडली, त्यांच्या झाकणाचा आकार त्याच्या शुभ्र घुमटाला आहे. त्याच वर्षी डिसेंबरात किस्लर निवर्तले.

८/ वास्तुकलेचा इतिहास केवळ उभ्या इमारतींवरून लिहिला, तर किस्लर त्यात एखाद्या ओळीपुरतेच उरतील. न बांधलेल्या घराची रेखाटने आणि प्रतिकृती हीदेखील इतिहासाची साधनेच आहेत. एखाद्या काळाला काय सुचले होते आणि त्यातले काय बांधायला तो धजावला नाही, हे त्यांवरूनच कळते.